लहान मुलांना घेऊन शांघायला राहायला जाताय? कागदांपासून बालवाडीपर्यंतचा क्रम

शांघायची बदली ठरली की घरात पहिली चर्चा शाळेची होते. फी किती, बोर्ड कोणतं, परत आल्यावर भारतातल्या शाळेत कसं बसवायचं. चर्चा रास्त आहे. पण मुलं दोन ते आठ वर्षांची असतील तर मी क्रम वेगळा लावेन: आधी कागद, मग फोन, मग घर, आणि शाळा घराच्या मागोमाग. एवढी लहान मुलं नव्या शहरात रुळतात ती सोसायटीतल्या घसरगुंडीपाशी. वर्गात रुळायला त्यांना बराच जास्त वेळ लागतो. आणि कागद-फोनाचं गाडं अडलं तर त्या घसरगुंडीपर्यंत पोचायलाच महिना जातो. खालचे तपशील शांघायचे आहेत. सुचौ, शेंझेन, ग्वांगझौमध्ये नियमांचा गाभा तोच, बारकावे तिथे विचारून घ्या.

निघण्याआधी तीन-चार महिने: दाखले

नोकरी करणाऱ्याला झेड व्हिसा मिळतो, जोडीदाराला आणि मुलांना एस-१. एस-१ साठी नातं सिद्ध करावं लागतं, म्हणजे लग्नाचा दाखला आणि प्रत्येक मुलाचा जन्मदाखला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नोव्हेंबर २०२३ पासून चीन अपोस्टिल करारात (एकमेकांचे दाखले एकाच शिक्क्यावर मान्य करण्याच्या करारात) आला, त्यामुळे जर्मनी-अमेरिकेतून येणाऱ्यांचं काम एका शिक्क्यावर भागतं आणि इंटरनेटवरचे बहुतेक लेख तेच सांगतात. भारताने मात्र चीनच्या प्रवेशाला हरकत घेतली, म्हणून आपल्या दोन देशांत तो करार लागू नाही. आपला रस्ता जुना आणि लांबचा: आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वकिलात. महाराष्ट्रातल्या लोकांना मुंबईची वकिलात लागते. अर्जाच्या वेळी तिथला ताजा नियम विचाराच, पण वेळेचा हिशेब तीन खिडक्यांचा धरा.

साक्षांकनाला देण्याआधी दाखले उजेडात धरून वाचा. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर कितीदा बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. आईचं नाव माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, हाही नेहमीचाच घोळ. हे दुरुस्त करायला पुण्या-नाशकात एक चक्कर पुरते. शांघायमध्ये बसून ते करायचं म्हणजे कुणातरी मामाला कामाला लावावं लागतं.

पासपोर्टवर नाव जसं छापलंय, अगदी रिकाम्या जागांसकट, तसंच चीनमध्ये सगळीकडे चालणार. सिमकार्ड, बँक, रेल्वेचं तिकीट सगळं एकमेकांशी जुळवून पाहिलं जातं. मुलाच्या नावात वडिलांचं नाव घातलं असेल तर ते प्रत्येक ठिकाणी घाला, किंवा कुठेच नाही अशी तरी व्यवस्था पासपोर्ट काढतानाच करा.

लसीकरणाचं पुस्तक इंग्रजीत, तारखांसकट, बालरोगतज्ज्ञांच्या सही-शिक्क्याने करून घ्या. शांघायमध्ये बालवाडीत प्रवेश घेताना लसीकरणाची वही मागतात. चीनच्या राष्ट्रीय वेळापत्रकात मेनिन्जायटिसची लस आहे, ती आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात नसल्याने बहुतेक मुलांची राहिलेली असते. शांघायच्या सार्वजनिक आरोग्य केंद्रात ती देतात.

निघण्याआधीच: फोन

चीनमध्ये रोख पैशाने अडत नाही असं म्हणतात, पण भाजीवाल्या आजीबाईसुद्धा क्यूआर कोड पुढे करतात. सगळं वीचॅट (निरोप आणि पैसे दोन्हींचं ॲप) आणि अलिपे (पैसे भरायचं ॲप) यांवर चालतं. अडचण अशी की भारत सरकारने २०२० साली ही दोन्ही ॲप्स बंद केली, त्यामुळे भारतातल्या ॲप स्टोअरवर ती सापडत नाहीत. आणि चीनमध्ये उतरल्यावर गुगल प्ले उघडत नाही. म्हणजे अँड्रॉइडवाला दोन्हीकडून अडकतो. हाँगकाँग, सिंगापूर किंवा बँकॉकवरून जात असाल तर तिथे, नाहीतर शांघायच्या हॉटेलच्या वायफायवर थेट कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती उतरवून घ्या. आयफोन असेल तर ॲप स्टोअरचा देश बदलावा लागतो. वीचॅटचं नवं खातं उघडताना बहुधा आधीपासून खातं असलेल्या माणसाकडून पडताळणी करून मागतात. ऑफिसातला कुणी सहकारी त्यासाठी आधीच ठरवून ठेवा.

पैशाचं त्यामानाने सोपं झालंय. २०२३ पासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही ॲप्सना जोडता येतात. २०० युआनवरच्या व्यवहारावर ३ टक्के आकार लागतो, म्हणून बँक खातं उघडेपर्यंत मोठी खरेदी टाळा. एक युआन साधारण १२-१३ रुपयांचा धरा. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेत ना, आणि बँकेचा ओटीपी येणारं सिम रोमिंगवर आहे ना, हे विमानतळावर जाण्याआधी तपासा.

आजी-आजोबांशी बोलण्याचा प्रश्न उरतो. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद, भारतात वीचॅट बंद. भारतीय सिम रोमिंगवर असलं तर त्याचं इंटरनेट भारतातल्या कंपनीमार्फत फिरतं, म्हणून त्यावर व्हॉट्सॲप चालतं. हाँगकाँगच्या ई-सिमचंही तसंच. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम बहुतेक वेळा लागतो. आजोबांना हे सगळं आपण पुण्यात असतानाच करून दाखवा, फोनवरून समजावणं फार अवघड जातं. शांघायचं घड्याळ अडीच तास पुढे आहे. मुलं शाळेतून चारला येतात तेव्हा तिकडे दीड वाजलेला असतो, म्हणजे आजी-आजोबांची वामकुक्षी. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरवली तर दोन्हीकडे जमते.

पहिले तीस दिवस

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं. भाड्याच्या घरात किंवा ओळखीच्यांकडे उतरलात तर २४ तासांत ती आपण करायची असते. शांघायमध्ये ती ऑनलाइनही होते. घरमालकाच्या ओळखपत्राची आणि घराच्या मालकीच्या कागदाची प्रत लागते. ही नोंद क्षुल्लक वाटते, पण पुढचा प्रत्येक अर्ज तिच्यावर उभा असतो.

चीनमध्ये पाऊल ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत सगळ्यांचा रहिवासी परवाना मागायचा. आधी नोकरदाराचं वर्क परमिट, मग त्याच्या आधारावर कुटुंबाचे अर्ज. मोठ्यांना वैद्यकीय तपासणी करावी लागते, १८ वर्षांखालच्यांना नाही. या काळात पासपोर्ट कार्यालयात जमा असतात आणि हातात फक्त पावती. त्या पावतीवर देशांतर्गत रेल्वेप्रवास करता येतो, पण देशाबाहेर जाता येत नाही. त्या आठवड्यांत भारताचं तिकीट काढू नका. एस-१ वर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही, हे घरात आधीच स्पष्ट बोलून घ्या. शांघायमध्ये खरी दमणूक त्याच व्यक्तीची होते.

घर: इथे घाई करू नका

एजंट तुम्हाला ऑफिसजवळची चकचकीत टॉवर दाखवेल. त्याला सांगा, आधी सोसायटीचं अंगण बघू, फ्लॅट नंतर. आणि घर बघायची वेळ घ्या ती संध्याकाळी साडेचार-पाचची. त्या वेळी खाली आजी-आजोबा नातवंडांना घेऊन उतरलेले असले, दोन-तीन सायकली आडव्या पडलेल्या असल्या, कुणीतरी वाळूत बादल्या घेऊन बसलेलं असलं, तर ती सोसायटी मुलांची. खाली नुसतं कारंजं आणि सुरक्षारक्षक दिसले तर फ्लॅट कितीही छान असो, मी पुढे जाईन.

परदेशी कुटुंबं साधारण पुडोंगमधल्या जिनच्याओ आणि सेंच्युरी पार्कच्या आसपास, पश्चिमेला गूबेई-होंगच्याओ पट्ट्यात आणि आंतरराष्ट्रीय शाळा आहेत त्या मिनहांगमधल्या हुआत्साओ भागात राहतात. निव्वळ परदेशी लोकांच्या वसाहतीत मुलांचं इंग्रजी सुटणार नाही, पण मित्र दर जूनमध्ये देश सोडून जातात. मला मिश्र सोसायटी बरी वाटते: सत्तर टक्के चिनी घरं, बाकी आपल्यासारखी.

फ्लॅटमध्ये शिरल्यावर बघायच्या दोन गोष्टी. पहिली, खिडक्या. आपल्याकडे तिसऱ्या मजल्यालाही ग्रील असते. इथे अठराव्या मजल्यावरची खिडकी सताड उघडते आणि तिच्याखाली नेमका मुलाच्या उंचीचा कट्टा असतो. खिडकी चार बोटंच उघडेल अशी अडकण बसवून देण्याचं करारात लिहून घ्या, किल्ली ताब्यात घेण्याआधी. दुसरी, थंडी. घरं गरम ठेवणारी सरकारी तापनव्यवस्था उत्तर चीनला आहे, चिनलिंग पर्वत-हुआय नदीच्या रेषेच्या दक्षिणेला नाही. शांघाय नेमकं या रेषेच्या चुकीच्या बाजूला आहे. जानेवारीत बाहेर सरासरी ५ अंश, आणि घरात ओलसर गारठा जो एसीच्या गरम हवेने डोक्याशी जातो आणि पायाशी राहतो. रांगणारं मूल असेल तर जमिनीखालून गरम होणारं घर शोधा. भाडं जास्त पडतं, पण याच एका गोष्टीवर मी पैसे वाचवणार नाही.

भाड्याचा रिवाज एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं आगाऊ भाडं असा असतो. परदेशी कुटुंबांकडे दोन महिन्यांचं डिपॉझिटही मागतात. कंपनी भाडं देणार असेल तर घरमालक 'फापियाओ', म्हणजे सरकारी कर-पावती, देणार का आणि तिचा कर कुणाच्या माथी, हे आधी ठरवा.

रस्ता

गाड्या उजव्या बाजूने चालतात. आपल्या मुलाला 'आधी उजवीकडे बघ' शिकवलेलं असतं. आता आधी डावीकडे. पण शांघायमध्ये मोटारींपेक्षा इलेक्ट्रिक स्कूटरची भीती जास्त. आवाज नाही, फुटपाथवरून येतात, पार्सलवाला उलट्या दिशेनेही येतो. आणि लाल दिव्यावर उजवीकडे वळायला गाड्यांना मुभा असते, म्हणजे चालणाऱ्यांचा हिरवा लागला तरी वळणारी गाडी येऊ शकते. पहिले काही आठवडे हात सोडू नका.

मेट्रोत १.३ मीटरपर्यंत उंचीचं एक मूल प्रत्येक मोठ्या माणसासोबत फुकट जातं. रेल्वेत मात्र वय बघतात: सहा वर्षांखाली स्वतंत्र जागा न घेता मोफत, सहा ते चौदा सवलतीत. टॅक्सीत मुलांचं आसन नसतं, म्हणून भारतातून किंवा इथूनच घडीचं बूस्टर घेऊन ठेवा.

शाळा आणि बालवाडी

तीन वाटा आहेत. परदेशी पासपोर्टच्याच मुलांना घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा. द्विभाषिक खासगी शाळा. आणि स्थानिक सरकारी शाळा, ज्यांतल्या काहींना आंतरराष्ट्रीय विभाग असतो. पहिल्या प्रकारात वर्षाची फी दोन-तीन लाख युआनपर्यंत आणि त्याहूनही वर जाते, म्हणजे कंपनी देत असेल तरच. कंपनीच्या पत्रात 'शिक्षण' असा शब्द असतो. बालवाडी त्यात धरलीय का, बस आणि जेवण धरलंय का, हे सही करण्याआधी विचारा. बहुतेकदा बालवाडी बाहेरच राहते.

स्थानिक बालवाडीत ३१ ऑगस्टला तीन पूर्ण झालेलं मूल घेतात, पहिलीला सहा पूर्ण. वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, नोंदणी वसंतात होते. परदेशी मुलाला जागा असेल तर मिळते. दोन-तीन वर्षं राहणार असाल आणि मूल चारच्या आत असेल तर चिनी बालवाडीचा विचार जरूर करा. परत जाऊन भारतीय शाळेत बसायचंय आणि मूल सहा-सातचं आहे, तर मात्र इंग्रजी माध्यम सुटू देऊ नका.

चिनी बालवाडीचा दिवस बघण्यासारखा असतो. सकाळी दाराशी परिचारिका उभी. मूल तिच्यासमोर आ करतं, दोन्ही तळवे पुढे करतं, ती टॉर्च मारून बघते. हे हात-पाय-तोंडावर फोड येणाऱ्या साथीसाठी. एक फोड दिसला की मूल घरी, आणि परत यायला डॉक्टरांचा कागद. आत प्यायला कोमट पाणी, गार मागूनही मिळत नाही. दुपारी जेवणानंतर सगळा वर्ग ओळीने लावलेल्या छोट्या पलंगांवर झोपतो, म्हणून नाव घातलेली गोधडी घरून द्यायची. खेळायला सोडण्याआधी शिक्षिका प्रत्येकाच्या पाठीवर सदऱ्याच्या आत एक छोटा टॉवेल सरकवतात, घाम शोषायला. मानेपाशी त्याचं टोक बाहेर लोंबत राहतं. घरून तीन-चार पाठवा.

आईवडिलांचा खरा वर्ग वीचॅटवर भरतो. गटात आपलं नाव बदलून 'अमुकची आई' करायचं. शिक्षिकेने सूचना टाकली की 'शौ-दाओ', म्हणजे मिळालं, असं लिहायचं. नाही लिहिलं तर त्या वाट बघतात. सहलीसाठी नावं द्यायची तर कुणीतरी १ लिहून यादी सुरू करतं आणि पुढचा ती वाढवत नेतो. मजकुरावर बोट दाबून धरलं की भाषांतर मिळतं, ते भयंकर असतं पण काम भागतं.

मूल पहिले काही महिने वर्गात तोंडच उघडत नाही. घाबरू नका, ऐकणं चालू असतं. त्याला चार वाक्यं घरीच पाठ करून द्या: शू लागली (शांग त्स-स्वो), पाणी हवं (ह श्वेइ), दुखतंय (थंग), नको (बू याओ). घरात मराठीच बोला, तिथे तडजोड नको. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती निघण्याआधीच उतरवून ठेवा.

आजारपण

रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०, आग ११९. पुडोंगमध्ये शांघाय चिल्ड्रन्स मेडिकल सेंटर, मिनहांगमध्ये फुदान विद्यापीठाचं बालरुग्णालय. दोन्ही मोठी, नावाजलेली, आणि गर्दी आपल्या सरकारी रुग्णालयासारखीच. त्यांच्या खास विभागात इंग्रजी बोलणारे डॉक्टर मिळतात, फी बरीच जास्त. विमा थेट भरतो का ते आधी विचारून ठेवा.

साध्या विभागाची रीत एकदा कळली की भीती जाते. पासपोर्टवर नोंदणी, रांगेचा क्रमांक, डॉक्टरांसमोर तीन मिनिटं. ताप असेल तर जवळजवळ हमखास बोटातून रक्त. खिडकीपाशी मुलाला मांडीवर घ्यायचं, बोट आत द्यायचं. अर्ध्या तासाने यंत्रातून अहवाल छापून घ्यायचा आणि त्याच डॉक्टरांकडे परत. प्रत्येक टप्प्याआधी पैसे भरायचे असतात, म्हणून फोन चार्ज असू द्या. सलाईन लावायची इथे सवय आहे. तोंडाने औषध घेता येतं का, असं शांतपणे विचारा, बहुतेक वेळा येतं. पॅरासिटॅमॉलचं ओळखीचं सिरप चिठ्ठीसकट बरोबर आणा, आणि मुलाला कशाची ॲलर्जी असेल तर ते चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा.

पोटोबा

कोथिंबीर, आलं, मिरच्या, वांगी, पालेभाज्या, शेंगदाणे मुबलक. अख्खे मूग प्रत्येक दुकानात. तूरडाळ, कणीक, पोहे भारतीय दुकानातून किंवा ऑनलाइन. ज्वारीचं पीठही ऑनलाइन मिळतं. भाकरी कधी साधते, कधी थापतानाच चिरते. दही बहुतेक गोड असतं, बिनसाखरेचं शोधा किंवा विरजण लावा. येताना गोडा मसाला, हिंग, आमसुलं आणा. तूप, पनीर, ताजी फळं, बियाणं आणू नका, सीमाशुल्कवाले काढून घेतात. नळाचं पाणी पिण्याचं नाही. फिल्टर किंवा मोठ्या बाटल्या.

शाकाहारी असाल तर 'वो छी सू' (मी शाकाहारी) म्हणा आणि तेवढ्यावर थांबू नका. इथल्यांच्या लेखी वरून पेरलेला खिमा म्हणजे मांसाहार नव्हे, आणि भाजीत चिकन पावडर तर चवीपुरतीच! काय नको ते एकेक लिहिलेलं दाखवा. खात्रीचं हवं असेल तर बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं आहेत. नानजिंग पश्चिम रस्त्यावरचं गोंगदेलिन १९२२ पासून चालू आहे. शाळेच्या जेवणात शाकाहार जमणार नसेल तर डबा चालतो का, हे प्रवेशाआधी विचारा, नंतर नाही.

खालची माणसं

कामाला येणाऱ्या बाईंना 'आयी' म्हणतात, सोसायटीतल्या आजोबांना 'येये' आणि आजींना 'नायनाय'. मुलांना हे तीन शब्द पहिल्या आठवड्यात शिकवा, दारं उघडतात. नायनाय लोक तुमच्या मुलाच्या पायात मोजे नाहीत म्हणून तुम्हालाच रागावतील. ती आपुलकी असते, 'हो' म्हणायचं आणि मोजे घालायचे. मुलाचे फोटो काढायला अनोळखी लोक पुढे येतात, गालाला हात लावतात. नको असेल तर हसून पण स्पष्ट 'बू याओ फाय-जाओ' (फोटो नको) म्हणा आणि मुलाच्या पुढे उभे राहा. कुणी वाईट मानत नाही. गप्पा वाढल्या आणि तुम्ही महाराष्ट्रातले आहात असं सांगितलंत तर एखादे आजोबा 'के दिहुआ' असं नाव घेतील. ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ साली आलेले, १९४२ साली चीनमध्येच वारलेले. मुलांना आधी सांगून ठेवा.

जूनच्या मध्यापासून महिनाभर सतत पाऊस असतो, कपाटात बुरशी चढते. कोकणातल्या माणसाला सवय असेल, तरी ओलावा ओढणारं यंत्र घ्याच. हवा खराब असेल त्या दिवशी खाली उतरायच्या ऐवजी निसर्ग-इतिहास संग्रहालय किंवा लिनगांगमधलं खगोल संग्रहालय गाठा.

वर्षाचं वेळापत्रक

वसंतोत्सवात (चिनी नववर्षात) आयी गावी जातात, कधी दोन-तीन आठवडे, आणि कुरियर मंदावतो. कणीक, डायपर, औषधं आधी भरा. मोठ्या सुट्ट्यांच्या बदल्यात एखादा शनिवार-रविवार कामाचा धरतात आणि शाळाही भरते, वीचॅटवरची सूचना वाचत राहा. दिवाळीला सुट्टी नसते. भारतीय कुटुंबांच्या गटांत शिरलात तर गणपतीची आरती आणि फराळ दोन्ही मिळतं.

रहिवासी परवान्याचं नूतनीकरण मुदत संपायच्या ३० दिवस आधी मागावं लागतं. इथे आईवडील स्वतःची तारीख लक्षात ठेवतात आणि मुलांची विसरतात. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि परवाना पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही. तेव्हा मुलांच्या तारखा वेगळ्या लिहा, शांघायमधल्या भारतीय वकिलातीत नवा पासपोर्ट वेळेत काढा, हाती आला की दहा दिवसांत परवान्यावर नोंद बदला, आणि पोलिसांकडची नोंदही नव्या क्रमांकावर पुन्हा करा.